तानुबाईची नाव

कापसावर रक्त दिसलं तेव्हा शेषरावला ते आधी दुसऱ्याच कुणाचं तरी वाटलं. अमरावतीच्या बाजारात गाड्यांची रांग परकोटाच्या दरवाजापासून पार बाहेरच्या मैदानापर्यंत लागली होती, वैशाखाचं ऊन डोक्यावर चढत होतं, आणि तो नेहमीप्रमाणे एका गाडीच्या चाकावर पाय देऊन, कापसात कोपरापर्यंत हात घालून तळातली चिमूट बाहेर काढत होता. वरचा कापूस सगळेच चांगला दाखवतात. आतला कसा आहे ते शेषरावची बोटं सांगत, आणि ती जे सांगत ते व्यापारी मानत, कास्तकारही मानत. चिमटीतला कापूस दोन्ही हातांनी ओढायचा, जुळवायचा, पुन्हा ओढायचा, धागा सरळ झाला की काळ्या घोंगडीच्या तुकड्यावर ठेवायचा. वीस वर्षं तो हेच करत आला होता. त्या सकाळी चिमूट बाहेर आली ती तीन लाल ठिपके घेऊन. त्यानं गाडीवाल्याच्या हातांकडं पाहिलं, बैलाच्या खांद्याकडं पाहिलं. तेवढ्यात चौथा ठिपका पडला. त्याच्याच तर्जनीच्या पेरात बाभळीचा काटा अर्धा आत गेलेला होता. कापसात काटे निघतातच, त्यात नवल नव्हतं. पण काटा रुतला हे त्याला डोळ्यांनी कळलं होतं. बोट गप्प होतं.

"काय झालं गा, शेषराव?" गाडीवाल्यानं विचारलं.

"काई नाई. काटा होय."

त्यानं काटा उपटला, बोट धोतराच्या सोग्यात दाबलं आणि पुढच्या गाडीकडं वळला. तिथं त्यानं कापूस बोटांनी पाहिलाच नाही. डोळे मिटून तो गालाला लावला. हे तो तीन महिन्यांपासून करत होता. दिवाळीत आधी उजव्या हाताची करंगळी मुकी झाली, मग तिच्या शेजारचं बोट. माघात चिलमीसाठी निखारा उचलताना मांस जळाल्याचा वास आला, तेव्हा कोण भाजलं म्हणून त्यानं मागं वळून पाहिलं होतं. तेव्हापासून तो गालावर आला. ओल, धूळ, धाग्याचा मऊपणा, गालाला बरंचसं कळत होतं. लोकांना मात्र ही नवीच विद्या वाटली. बाजारातले दोन तरणे पारखी त्याचं पाहून कापूस गालाला लावू लागले, आणि त्यांना तसं डोळे मिटून उभं राहिलेलं पाहिलं की शेषराव तोंड फिरवी. आपण लंगडत चालावं आणि लोकांनी ती ऐटबाज चाल समजून उचलावी, तसं काहीतरी. घरी तो जेवल्यावर आपलं ताट आपणच उचलू लागला होता, बायकोच्या, पार्बताबाईच्या, हाताला हात लागू नये म्हणून. तिला वाटलं, चांदी घरात आली तसा नवरा परका झाला. तिला तसंच वाटू दे, असं त्यानं ठरवलं होतं. वैद्याकडं तो गेला नव्हता. वैद्यानं बोटं दाबून पाहिली असती आणि मग एक शब्द उच्चारला असता. तो शब्द अजून कुणी उच्चारला नव्हता, म्हणून तो अजून खरा नव्हता. लहानपणी अंजनगावच्या बाजारात एक माणूस कडुनिंबाखाली बसलेला असायचा, हातापायांना चिंध्या गुंडाळलेला. वडील त्याला भाकर द्यायचे, पण हातानं नाही. भाकर जमिनीवर ठेवून काठीनं पुढं सरकवायचे. वडील दयाळू होते. शेषरावला आठवत राही ती भाकरीखाली घासत जाणारी काठी, आणि तो माणूस दर वेळी, अगदी दर वेळी, "देव भलं करो पाटील" म्हणायचा ते.

त्या दिवशी बाजार उठल्यावर तो घरी आला तर ओसरीवर थोरला भाऊ पंजाबराव बसलेला. पूर्णेच्या पलीकडच्या बोरखेडीहून, दर्यापुरावरून, तो दोन दिवसांची वाट करून आला होता. गेल्या श्रावणापासून पंजाबराव कुठं जात नसे, फारसा बोलतही नसे. आज त्यानं पाणी पिऊन लगेच सांगून टाकलं.

"अकोल्यात एक नाव आहे म्हनते. भोयाच्या बाईची. मोर्णेच्या काठी छपरात पडून आहे, अकरा साल झाले. गावानं ठरवलं, पानी पडाच्या आंधी घ्याची."

"मंग घ्या ना."

"तू जाऊन पाह्य. तू हात लावून हो म्हनलं तं घेऊ. नाई म्हनलं तं नाई."

"दादा, मी कापूस पाहतो. नावेतलं मले काय समजते?"

"कापूस समजते त्याले लाकूड नाई समजत काय?" पंजाबराव म्हणाला. "गावात कोनाचा कोनावर भरोसा नाई, शेषा. तुह्या हातावर आहे. सगळ्याईचा आहे."

शेषरावनं हात सोग्याखाली घेतला. आता सांगून टाकावं, असं त्याला वाटलं. दादा, माझे हात गेले. चार शब्द होते. पण समोर पंजाबराव बसला होता, आणि पंजाबरावला नाही म्हणणं गेल्या श्रावणापासून शेषरावला जमत नव्हतं. त्या श्रावणात तो गावी गेला होता. पूर्णेला तीन दिवस पूर, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पंजाबरावच्या बायकोला, कौशल्याला, कळा सुरू झाल्या. मूल आडवं होतं. सुईण मनकर्णाबाई आदल्या आठवड्यात पलीकडच्या काठावर दुसऱ्या बाळंतपणाला गेली ती तिकडंच अडकलेली. गावात नाव नव्हती. वाळल्या भोपळ्यांची सांगड होती, ती पहिल्याच दिवशी वाहून गेली होती. मग पलीकडच्या दरडीवर मनकर्णाबाई उभी राहिली आणि तिथून ओरडून सांगू लागली, आणि अलीकडं माणसं उभी केली, पाण्यापाशी पंजाबराव, मग चढावर एक, मग गावदरीला एक, मग वळणावर एक, आणि घराच्या दारात शेषराव. पाण्याचा आवाज असा की मोठ्यानं ओरडलेला शब्दही अर्धा पोचायचा. बायकांचे शब्द, जे पुरुष कधी तोंडावर आणत नाहीत, ते पाच पुरुष एकमेकांकडं फेकत होते, लाजत, खाकरत, आणि दर माणसागणिक शब्दाचा एकेक काठ झिजत होता. दुपारी एक शब्द आला. शेषरावनं तो आत बायकांना सांगितला, "उठवून बसवा." बायकांनी कौशल्याला उठवून बसवलं. तिसऱ्या प्रहरी ती गेली, आणि तिच्याबरोबर मूल. पुढं कितीदा तरी शेषराव त्या दारात जाऊन उभा राहिला होता, मनातल्या मनात. वळणावरच्या माणसानं "उठवून बसवा" म्हटलं होतं की "उठवू नका"? वारा होता. त्या वेळी त्याची अगदी खात्री होती. मनकर्णाबाईला विचारता आलं असतं, ती अजून होती. त्यानं विचारलं नाही. पंजाबरावनंही कुणाला काही विचारलं नाही, आणि तेच जास्त जाचत होतं.

म्हणून भाऊ आल्यापासून तिसऱ्या दिवशी तो बैलांच्या दमणीत बसून अकोल्याला निघाला. बडनेरा, मूर्तिजापूर, वाटेत दोन मुक्काम. सातासमुद्रापलीकडं गोऱ्यांच्या कुठल्याशा मुलखात भावाभावांत लढाई जुंपली आणि तिथला कापूस अडला, तेव्हापासून या रस्त्याला उसंत नव्हती. आता हंगाम सरला तरी मागं राहिलेल्या गाड्या चालल्याच होत्या, बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या, गाडीवानांच्या डोक्याला नवे पटके. धुरळ्यातून बाभळींना अडकलेले कापसाचे पुंजके दिसत. शेषराव ते मोजल्यासारखे पाहत राही आणि मनात एकच हिशेब घाली. नाव घ्या म्हणालो आणि ती फुटली, तर दहा-बारा माणसं एका दमात जातील. नको म्हणालो, तर पुन्हा एक श्रावण येईल, पुन्हा कुणीतरी दरडीवर उभं राहून ओरडेल. दोन्हीकडं पाणीच होतं. एक तोड त्याला सुचली होती, सुतार. अकोल्यात पोचल्या पोचल्या त्यानं सुताराचं घर गाठलं. सुतार वाशीनं आरा तासत होता, भोवती चाकांचा ढीग. "मी चाक करतो, वखर करतो, तिफन करतो," तो मान वर न करता म्हणाला. "नावेले मी उभ्या जन्मात हात नाई लावला. वऱ्हाडात नावा कोन करते? आन मले आता मराले फुरसत नाई पाटील, चार महिन्याच्या गाड्या बाकी आहे." दुसरा सुतार आगगाडीच्या भरावावर कामाला गेला होता. तिसऱ्यानं सांगितलं, भोयांनाच विचारा. आणि नाव पारखणारा अकोल्यातला शेवटचा भोई अकरा वर्षांपूर्वी तापानं वारला होता. त्याचीच ही नाव.

त्याची बायको तानुबाई छपराच्या तोंडाशी गोवऱ्या रचत होती. साठीची, हाडानं बारीक, कोपरापर्यंत गोंदलेली. शेषरावनं ओळख दिली तेव्हा तिनं त्याला खालपासून वरपर्यंत एकदा पाहिलं आणि आत नेलं. नाव तीन दगडांवर पालथी होती. पंधरा हात लांब, सागवानी. तिच्या पाठीवर तुरीच्या पेंढ्या होत्या, पोटाखाली कोंबड्या अंड्यावर बसल्या होत्या. पाण्याचा तिला वासही उरला नव्हता. उन्हाच्या तिरिपेत फळ्यांमधल्या फटी दिसत होत्या, काही ठिकाणी करंगळी जाईल एवढ्या.

"याच्यातून तं उजेड दिसून राहिला, माय," शेषराव म्हणाला.

"दिसनच. तहानली आहे ते. अकरा साल पान्याचा थेंब नाई तिच्या आंगाले. आठ दिवस पान्यात बुडवून ठेवा लागते, मंग लाकूड फुगते, फटी मिटते. त्याच्या आंधी नावेले चांगलं म्हनू नाई आन वाईटबी म्हनू नाई."

"आन नाई मिटल्या तं?"

"तं मंग नाई मिटल्या."

तिच्या बोलण्यात आर्जव नव्हतं, त्यानं शेषराव आणखीच गोंधळला. बाजारात विकणारा माणूस बोलतो, शपथा घेतो, आणि त्याच्या आवाजातूनच अर्धा माल कळतो. ही काही बोलतच नव्हती. तिचा लेक माल्या भुसावळला आगगाडीच्या कामावर होता, सूनही तिकडंच होती, दोन नातवंडं तिनं पाहिलेली नव्हती. नाव गेली की छप्पर मोडून ती भुसावळला जाणार, एवढं तिनं सांगितलं. शेषराव नावेभोवती फिरला. फळ्यांवर राळेचा काळा थर होता, जागोजाग तडकलेला, काही ठिकाणी नवा. त्यानं तळवा टेकवला. तळव्याला थंड-गरम कळत होतं, तेवढंच. मग सवयीनं, स्वतःच्याही नकळत, तो वाकला आणि त्यानं गाल लाकडाला लावला. कोंबड्यांचा वास आला, धुळीचा आला, आणि खूप आतून, जवसाच्या जुन्या तेलाचा.

"लाकडाले गाल लावून काय समजन?" तानुबाई हसली. "दाबून पाहा पाटील, बोटानं. राळेच्या वरून डोळ्याले काई दिसत नाई. दाबलं का बोटाले समजते, खालचं लाकूड जित्तं आहे का मेलं."

"पाहीन," तो म्हणाला. "भिजल्यावर पाहीन."

आठ भोयांनी नाव उचलून मोर्णेच्या डोहात नेली, दगड भरून बुडवली. वैशाखात मोर्णेला धार नव्हतीच, किल्ल्याच्या अंगाला एवढा एक डोह उरला होता. सराईत पथारी टाकून शेषराव रोज उजाडताच डोहावर येऊन बसे आणि ऊन सोसवेनासं होईतो बसून राही. हिरवट पाण्याखाली नावेचा काठ दिसे, भोवती मासळीची पिल्लं. धुणं धुणाऱ्या बायकांना हा कोण वेडा माणूस म्हणून नवल वाटे. पहिले दोन दिवस पाण्यातून सारखे बुडबुडे येत होते, बारीक माळेसारखे, कधी इथून, कधी तिथून. तिसऱ्या दिवशी थांबले. ते थांबले तेव्हा त्याला बरं वाटलं, आणि मग लगेच वाटलं, थांबले म्हणजे चांगलं की वाईट? त्याला या नावेतलं काहीही माहीत नव्हतं. कापसातलं त्याला ठाऊक होतं, पण तेही, खरं पाहता, त्याला कुठं ठाऊक होतं? बोटांना ठाऊक होतं. तो नुसता बोटांमागून चालत होता, वीस वर्षं, आंधळ्यानं काठीमागून जावं तसा, आणि लोक त्याला शहाणा म्हणत होते. आता बोटं निघून गेली आणि मागं जो उरला त्याला काय येतं? त्यानं डोळ्यांपुढं नाव पूर्णेत घालून पाहिली. बोरखेडीची माणसं एकेक करून तिच्यात बसवली, त्यांची नावं घेतली, कोण पुढं, कोण मागं, कुणाच्या कडेवर लेकरू. मधल्या धारेत तळातून पाणी वर येतं. आधी ते कुणाच्या लक्षात येत नाही. मग एक बाई पाय उचलते. इथं येऊन तो थांबे आणि पुन्हा पहिल्यापासून माणसं बसवू लागे, जणू बसण्याचा क्रम बदलला तर पाणी येणार नाही. उन्हं वर आली की तानुबाई डोक्यावर घागर घेऊन येई. पाण्याचा तांब्या ती त्याच्या हातात देई आणि तो तोंडाला न लावता वरून पिई. ती थोडं बोले, बहुधा नवऱ्याबद्दल, तोही कसा रागीट होता एवढंच. सातव्या दिवशी ती म्हणाली, "तुमी लय इचार करता पाटील. माल्याचा बाप नाव पाहाले येकदाच हात फिरवे. येकदा. मंग बसून चिलीम वढे."

आठव्या दिवशी दगड काढले, नाव वर घेतली आणि काठावरच्या वाळूत पालथी घातली. लाकूड काळंभोर झालं होतं. फटी मिटल्या होत्या, नखही जाणार नाही अशा. भोई आपापल्या कामाला गेले. धाडलेल्या निरोपाप्रमाणे पंजाबराव गाडी आणि माणसं घेऊन दुसऱ्या दिवशी यायचा होता. शेषराव गुडघ्यांवर बसला आणि त्यानं हात फिरवायला सुरुवात केली. फळीमागून फळी, टोकापासून टोकापर्यंत, दर वीतभरावर बोटं दाबत. आपण पाहतो आहोत असं दिसावं म्हणून तो मधेच थांबत होता, मान हलवत होता, एकदा तर परतून मागं गेला. तानुबाई वाळूत उकिडवी बसून पाहत होती. बोटांखाली काहीतरी होतं, पण ते दूर होतं, भिंतीपलीकडच्या बोलण्यासारखं. सगळी नाव संपली. तो उठला, गुडघ्यांची वाळू झटकली.

"बरी वाटते," तो म्हणाला.

तानुबाईनं विचारलं, "तिसऱ्या फळीवर हात फिरवला?"

"फिरवला ना."

"काय लागलं?"

"लाकूड लागलं."

पाण्यावर एक टिटवी ओरडत गेली. तानुबाई त्याच्याकडं पाहत नव्हती, वाळूत बोटानं रेघा ओढत होती, आणि शेषरावला एकदम कळलं की ही बाई आता उठून घरी गेली की सगळं मिटेल. उद्या नाव गाडीवर चढेल, त्याला कुणी काही विचारणार नाही, आणि जे व्हायचं ते पूर्णेच्या मधल्या धारेत होईल. सगळे म्हणतील, शेषरावनं पाहिली होती. दारात उभं राहून आत सांगितलेला तो शब्द त्याच्या तोंडात पुन्हा आल्यासारखा झाला, तसाच खात्रीचा.

"माय," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "मले नाई समजलं काई. माह्या बोटाईले समजत नाई. दिवाळीपासून. काटा गेला तं समजत नाई, निखारा धरला तं समजत नाई. मी लोकाईले फसवून राहिलो."

तानुबाईनं आता वर पाहिलं. ती उठली, जवळ आली, आणि त्याच्या हाताला हात न लावता वाकून तो नीट पाहिला, उलटा करायला सांगितला, पुन्हा पाहिला. तर्जनीवरचा भरत आलेला काट्याचा व्रण, करंगळीचा भाजलेला कोपरा. मग तिनं तो शब्द उच्चारला, जराही आवाज न बदलता. "महारोग असन," ती म्हणाली. "नसनबी. माह्या मावशीचा हात असाच झाला होता, तो वातानं होता, ते नव्वद साल जगली. मी वैद्य नाई." शेषराव वाळूत बसला. शब्द उच्चारला गेला होता आणि डोह तसाच होता, पलीकडं कुणीतरी धुणं आपटत होतं. तिनं तांब्या भरला. पण आज तिनं तो त्याच्या हातात दिला नाही. "वंजय करा," ती म्हणाली, आणि वरून धार धरली. त्यानं ओंजळ केली. आठ दिवसांतला हा फरक त्यानं पाहिला, तिनंही त्यानं पाहिलेलं पाहिलं, आणि धार मात्र त्याची तहान भागेपर्यंत मोडली नाही.

"तिसरी फळी मेली आहे," तांब्या खाली ठेवत ती म्हणाली. "मधातून. तीन सालाआंधी वाळवी लागली होती. मी राळ लावली वरून. आताच तुमचा हात तिच्यावरून गेला आन तुमी थांबले नाई, तवाच मी समजली का कायतरी आहे. पन बोलली नाई. भुसावळ दिसत होतं मले."

"आन बाकी?"

"बाकी नाव मजबूत आहे. खोटं नाई सांगत आता. फळी बदलली तं माह्या नातवाच्या पोरायलेबी पुरन. येक जादा फळी छपराच्या आढ्यावर आहे, त्याच बुंध्याची, माल्याच्या बापानं तवाच चिरून ठेवली होती. पुतन्या आहे माहा, जयवंता, त्याले बसवता येते. नावबी हाकते तो. त्याले घेऊन जा संगं. पन तुमच्या भावाले काय सांगसान? कोनी पाह्यली म्हनान?"

दुसऱ्या दिवशी पंजाबराव लांब साट्याची गाडी, दोन बैलजोड्या आणि बोरखेडीची सहा माणसं घेऊन आला. माणसं नावेकडं धावली, तिच्यावर थापा मारू लागली, एकानं तिला नमस्कारही केला. पंजाबराव मात्र सरळ शेषरावकडं आला.

"पाह्यली?"

"दादा, जरा इकडं ये."

त्यानं भावाला काठाकाठानं पन्नास पावलं दूर नेलं आणि सांगितलं. हात पुढं करून सांगितलं. फळीचं सांगितलं, फळीचं कुणी सांगितलं ते सांगितलं. आणि तोंड उघडलंच होतं म्हणून, थांबवता येईना म्हणून, दारातल्या त्या शब्दाचंही सांगितलं. मले नक्की नाई दादा, मी काय ऐकलं ते मले अजून नक्की नाई. पंजाबराव ऐकत होता. हाताचं ऐकताना त्याचा उजवा पाय मागं सरकला, अर्धं पाऊल. शेषरावनं ते पाहिलं. पाय परत पुढं आला नाही. पण दारातला शब्द ऐकताना पंजाबरावच्या चेहऱ्यावर जे आलं ते शेषरावला वाचता येईना. राग नव्हता. थकलेल्या माणसाला कुणीतरी बसायला जागा दाखवावी तसं काहीसं होतं.

"पान्यापाशी मी होतो," पंजाबराव म्हणाला. "ते बाई काय म्हनत होती ते मलेच आयकू आलं नाई. मी अंदाजानं बोललो. मलेबी नक्की नाई, शेषा."

दोघं भाऊ डोहाकडं तोंड करून उभे राहिले, मधे अर्धं पाऊल सोडून. नावेपाशी माणसं कोण कुठं बसेल याच्यावर हुज्जत घालत होती. पंजाबरावनं पटका काढून तोंड पुसलं, पुन्हा बांधला.

"मंग घ्याची का नाई?" त्यानं विचारलं.

शेषरावला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "मले काहून विचारतं आता? तुले सांगतलं ना."

"सांगतलं. म्हनूनच विचारून राहिलो."

शेषरावनं पुन्हा एकदा मनात माणसं बसवून पाहिली, जयवंता वल्ह्यावर, तिसरी फळी नवी. मधल्या धारेपर्यंत आला. पाणी आलं नाही असं त्याला म्हणता येईना. आलंच असंही म्हणता येईना. एवढंच कळत होतं, एवढ्यावरच बोलायचं होतं.

"घ्याची," तो म्हणाला. "फळी बसवल्याबगर पान्यात नाई घालाची. आन पुराच्या दिवशी सहाच्या वर मानूस नाई बसवाचा, कोनी कितीबी बोंबलो."

नाव ओली होती, आणली होती त्याहून कितीतरी जड. तीन भोई, जयवंता, गावची सहा माणसं आणि पंजाबराव, अकरा जण काठाला लागले. नाव वीतभर उठली, डुगडुगली आणि पुन्हा वाळूत बसली. डाव्या अंगाला, पंजाबरावच्या शेजारी, एक जागा रिकामी होती. शेषराव बैलांपाशी उभा होता. आपण आता कुठं उभं राहायचं हे त्याला ठरवता येत नव्हतं, म्हणून तो बैलांच्या कासऱ्याशी चाळा करत होता.

"शेषा," पंजाबराव वाकलेला होता, मान वळवल्याशिवायच ओरडला, "येथी ये. माह्याजवळ धर."

तो गेला. भावाच्या खांद्याला त्याचा खांदा टेकला. बोटं काठाखाली गेली, ती कुठवर गेली हे त्याला कळलं नाही, म्हणून त्यानं मनगट आत घातलं, मग खांदा. जयवंतानं हाळी दिली, बारा जणांनी दम धरला, आणि नाव वाळूतून सुटली. तिचा भार खांद्यातून उतरला, पाठीतून कमरेत आला, मांड्यांत आला, पोटऱ्या थरथरू लागल्या, टाचा वाळूत रुतल्या. सगळा भार त्याला कळत होता, अगदी शेरभरही कमी नाही.

"सोडू नको," पंजाबराव दातांवर दात रोवून म्हणाला.

"नाई सोडत," शेषराव म्हणाला, आणि ते पावलं टाकू लागले.